बॅकअप बंद, कारण कॉम्प्युटर फास्ट!

जालन्यात मोंढ्यातल्या आडत दुकानात जा, बियाण्यांच्या एजन्सीत जा, नाहीतर एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्याच्या ऑफिसात. "बॅकअप घेता का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो तर, सेटिंग केलेलं आहे ना!" मंडळी, इथेच पाणी मुरतंय. सेटिंग केलेलं असणं वेगळं आणि बॅकअप असणं वेगळं.

विंडोजचा बॅकअप फेल होतो तेव्हा बरेचदा ०४२२ या आकड्यांनी संपणारा एरर कोड येतो. लोक एक्स्टर्नल हार्ड डिस्कला शिव्या घालतात, नवी आणतात. एरर तोच! कारण या कोडचा अर्थ एवढाच, की लागणारी एखादी सर्व्हिस डिसेबल्ड आहे. बॅकअपच्या बाबतीत पहिला संशय 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी'वर घ्यायचा. एखादी फाइल उघडी असतानाही त्या क्षणाची स्थिर प्रत धरून ठेवायची, हे तिचं काम. बॅकअप त्या प्रतीवरून घेतला जातो. तीच बंद असेल तर बॅकअप सुरूच होत नाही.

आता ही बंद कोण करतं? कॉम्प्युटर 'फास्ट' करून देणारा कोणीतरी हौशी माणूस. "नको त्या सर्व्हिसेस बंद करा" हा सल्ला एक्सपीच्या आणि १२८ एमबी रॅमच्या जमान्यातला. तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं. पण ही सर्व्हिस मुळातच 'मॅन्युअल' असते, म्हणजे गरज पडली की उठते आणि काम झालं की झोपते. तिला बंद करून वेग वाढत नाही, फक्त बॅकअप जातो.

उपाय दोन मिनिटांचा. सर्व्हिसेसची यादी उघडा. 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी', 'मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर' आणि 'विंडोज बॅकअप' या तिन्ही मॅन्युअलवर आणा आणि बॅकअप पुन्हा चालवा. कोणीही हात न लावता सर्व्हिस बंद झाली असेल, तर मात्र आधी व्हायरस तपासा. २०१७ च्या वॉनाक्रायसारखे रॅन्समवेअर शॅडो कॉपीच उडवतात.

आणि हे फक्त छोट्या दुकानांचं दुखणं नाही बरं का. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस उडाला. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो होतच नव्हता. सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा घोळ होता आणि फेल झाल्याच्या मेल्स कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं.

मोंढ्यात अशी प्रत कोण घेऊन ठेवणार? जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि उधारी तर सगळी त्या एका मशीनमध्ये. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: परत आणून बघितला नाही, तो बॅकअपच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जुनी एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडून बघा.

जालनेकरांना वेगळं काय सांगायचं? टाकी बांधली म्हणजे पाणी आलं असं नसतं. तोटी सोडून बघावी लागते. :)