२२.४ पाठ करण्याआधी घरचा सिलिंडर मोजा

विद्यार्थी मित्रांनो, 'एक मोल वायू म्हणजे २२.४ लिटर' हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. माझं मत स्पष्ट आहे : हा आकडा पाठ करण्याआधी आदर्श वायूचं समीकरण वापरता आलं पाहिजे. कारण २२.४ लिटर हे उत्तर ०° सेल्सिअस तापमान आणि १ ॲटमॉस्फिअर दाब असतानाचं आहे. आपल्या स्वयंपाकघरात एवढी थंडी असते का?

समीकरण साधं आहे. आकारमान = मोल × आर × तापमान ÷ दाब. इथे आर हा स्थिरांक ०.०८२१, आकारमान लिटरमध्ये, दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि तापमान केल्विनमध्येच.

आता घरचंच उदाहरण घ्या. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. हिशेबासाठी सगळा ब्युटेन धरू. एक मोल ब्युटेन म्हणजे ५८ ग्रॅम.

मोल = १४,२०० ÷ ५८ = सुमारे २४५
तापमान = २७° सेल्सिअस = ३०० केल्विन
आकारमान = २४५ × ०.०८२१ × ३०० ÷ १ = सुमारे ६,०३० लिटर

सिलिंडरच्या आत गॅस द्रवरूपात असतो, म्हणून तिथे हे समीकरण लावू नका. बाहेर पडून वायू झाल्यावरच लावा.

केल्विन करायला विसरून २७च टाकले, तर उत्तर येतं ५४३ लिटर. परीक्षेत एखाद-दोन गुण जातील. पण इथे धोकाच अकरा पटींनी लहान दिसेल!

धोका किती, तेही काढून बघा. हवेत सुमारे २ टक्के गॅस मिसळला, की ठिणगीने भडका उडू शकतो. १० फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली म्हणजे सुमारे २८,३०० लिटर. त्याचे २ टक्के ५६६ लिटर, म्हणजेच २३ मोल, म्हणजे जेमतेम १.३ किलो गॅस. भरलेल्या सिलिंडरचा दहावा भागसुद्धा नाही! त्यात ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, तो जमिनीलगत साचतो. तिथे याहून कमी गळतीही पुरते.

म्हणूनच वास आला की बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या. ही सूचना भिंतीवर वाचून विसरली जाते. स्वतः गणित केलेला मुलगा किंवा मुलगी ती घरी जाऊन आईला सांगते. शिक्षक मित्रांनो, फळ्यावर पहिलं उदाहरण हेच घ्या ना.

गृहपाठ : ५ किलोचा सिलिंडर, तापमान ४०° सेल्सिअस. आकारमान काढा. आधी केल्विन!