विश्लेषण : मुलांचा टाळू रुंद करणारे उपचार कधी आणि कोणते?

‘टाळू अरुंद आहे, एक्स्पांडर लावावा लागेल,’ असे दंतवैद्य सांगतात. घरी आल्यावर आजी म्हणते, ‘दुधाचे दात पडू देत, मग बघू.’ सात-आठ वर्षांच्या मुलांचे अनेक पालक या दोन सल्ल्यांत अडकतात. मात्र या उपचाराला वयाची मर्यादा असल्याने निर्णय समजून-उमजून आणि वेळेत घेणे गरजेचे आहे.

एक्स्पांडर नेमके काय करतो?

वरच्या जबड्याचे डावे आणि उजवे हाड टाळूच्या मधोमध सांध्याने जोडलेले असते. लहान वयात हा सांधा पक्का नसतो. दाढांवर बसवलेल्या उपकरणाचा स्क्रू फिरवला की दोन्ही भाग दूर सरकतात आणि मधल्या जागेत नवे हाड भरते. अमेरिकी दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी १८६० मध्येच या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली होती. वय वाढते तसा सांधा घट्ट होतो. मग साध्या उपकरणाने हाड सरकण्याऐवजी दाढाच बाहेर कलण्याची शक्यता वाढते. त्यापुढे हाडात बारीक स्क्रू बसवणे किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय उरतात.

गरज कोणाला?

सर्वांत स्पष्ट कारण म्हणजे क्रॉसबाइट. यात तोंड मिटल्यावर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. चावताना दात जुळावेत म्हणून मूल खालचा जबडा एका बाजूला सरकवते. ही सवय राहिली तर जबड्याची वाढ असमान होऊ शकते. अशा वेळी थांबण्यात शहाणपण नाही. दातांची थोडी गर्दी किंवा नुसते घोरणे एवढ्या कारणासाठी मात्र एक्स्पांडरची घाई नको. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून टॉन्सिल आणि अॅडिनॉइड तपासून घ्यावेत.

पर्याय कोणते?

जलद पद्धतीत घट्ट बसवलेल्या उपकरणाचा स्क्रू पालक घरी किल्लीने दिवसातून एक-दोनदा फिरवतात. दर वेळी साधारण पाव मिलिमीटर रुंदी वाढते आणि दोन-तीन आठवड्यांत हा टप्पा संपतो. या काळात पुढच्या दोन दातांत फट पडते. ती पाहून घाबरू नये, कारण हाड सरकत असल्याची ती खूण आहे आणि फट बहुधा आपोआप भरते. संथ पद्धतीत ‘क्वाड हेलिक्स’सारखी तारेची स्प्रिंग काही महिने काम करते. तिला घरी किल्ली लागत नाही. तिसरा पर्याय काढता-घालता येणाऱ्या प्लेटचा. दात घासायला ती सोयीची असते, पण दप्तरात राहिली तर उपयोग शून्य. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यानुसार, कमी वयातील क्रॉसबाइट सुधारण्यात क्वाड हेलिक्स प्लेटपेक्षा सरस ठरण्याची शक्यता अधिक आहे.

पालकांनी काय विचारावे?

हाड अरुंद आहे की फक्त दात आत कलले आहेत? आता उपचार केले नाहीत तर काय बिघडेल? रुंदी टिकवण्यासाठी उपकरण पुढे किती महिने ठेवावे लागेल? नंतर ब्रेसेस लागतील का, आणि सगळा खर्च मिळून किती? या प्रश्नांची उत्तरे ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे या विषयात एमडीएस केलेल्या तज्ज्ञाकडून घ्यावीत. शंका वाटल्यास दुसरे मत घेण्यात संकोच नको. आठवडाभराच्या विलंबाने काही बिघडत नाही.

उपकरण ठरवताना घरचे वेळापत्रकही पाहावे. रोज न चुकता किल्ली फिरवायला कोणी नसेल, तर किल्ली न लागणारी संथ पद्धत चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. ‘सगळेच लावतात’ म्हणून एक्स्पांडर लावणे जितके चुकीचे, तितकेच गरज दिसत असूनही ‘बघू पुढे’ म्हणत वाढीची वर्षे हातची घालवणे चुकीचे.