त्यांचा छंद, यांचा गुन्हा

मोहाची फुले पाण्यात भिजत घालून काही दिवस ठेवली, की पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला 'सडवा' म्हणतात, 'रसायन' म्हणतात. 'आंबट उग्र वासाचे' हे विशेषण तर छापील असल्यासारखे ठरलेले. द्राक्षाचा रस पोलादी टाकीत ठेवला, की त्यालाच 'फर्मेंटेशन' म्हणतात आणि ते पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक येतात. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. ती साखर कोणत्या जातीच्या, कोणत्या वस्तीतल्या माणसाने भिजवली हे यीस्टला कळत नाही. ते कळते ते कायदा राबवणाऱ्यांना.

आम्ही नाशिकमध्ये वकिली करतो. या शहराची ओळख आमच्या डोळ्यांदेखत बदलली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाईन पार्क झाला, मूल्यवर्धित करातला मोठा हिस्सा वाईन कारखानदारांना परत देण्याची योजना आली. २००८ पासून गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनचे महोत्सव भरू लागले. सुला कंपनी तर डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात जाऊन पोचली. (विंचूरवरून तोच रस्ता पुढे येवल्याला जातो, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. वाईन पर्यटनाच्या गाड्या सहसा तिथवर जात नाहीत.)

आता या वाईनच्या जोडीला 'क्राफ्ट'ची लाट आली आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिथून मुंबई-पुण्यात ताज्या बिअरची दुकाने वाढत गेली. मधापासून मीड बनवणारे निघाले, त्यांतली सेराना ही कंपनी नाशिकचीच. आणि त्याहून पुढची पायरी म्हणजे घरीच बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींची. हे लोक सुशिक्षित, बहुतेक संगणक क्षेत्रातले. ते माल्ट आणि हॉप्स मागवतात, बादल्यांना एअरलॉक लावतात, एकमेकांना चव देतात, चुका सांगतात, नोंदी ठेवतात. ही मंडळी वाईट आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपल्या हाताने काही बनवावे, स्थानिक फळ-धान्य वापरावे, मोठ्या कंपनीच्या ठरावीक चवीला नकार द्यावा, यात आनंद असणारच. त्यांचा उत्साह आम्हाला समजतो.

आम्हाला समजत नाही ते वेगळेच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मादक द्रव्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यासाठी साहित्य वा भांडी बाळगणे हाही गुन्हा आहे. कलमात 'छंद' असा अपवाद नाही. गंगापूर रोडवरच्या सदनिकेत समजा कोणी वीस लिटरची बादली आंबवत ठेवली, तर तो आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यावर मोहाचा हंडा ठेवणारी बाई हे दोघे एकाच कलमात बसतात. हातभट्टीत दारू उकळून गाळली जाते आणि बिअरमध्ये तसे होत नाही, हा फरक खरा आहे. पण कायद्याच्या लेखी दोन्ही 'निर्मिती'च. वकिलीच्या इतक्या वर्षांत आमच्याकडे सदनिकेतला एकही पक्षकार आलेला नाही. पाड्यावरचे आणि झोपडपट्टीतले मात्र मोजता येणार नाहीत इतके आले.

याहून कडक कायदा १९८१ चा आहे. लोक त्याला 'एमपीडीए' म्हणतात. त्याचे मराठी नावच झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती अशा यादीने सुरू होते. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक ठरवून या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. 'झोपडपट्टी' आणि 'हातभट्टी' हे शब्द कायद्याच्या शीर्षकातच शेजारी बसवले आहेत, हे आमच्या वाचकांनी नीट पाहावे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण आजही दारूच्या धाडीची बातमी आली की पहिला संशय कंजारभाट वस्तीवर जातो.

कोणी म्हणेल, हातभट्टी पिऊन माणसे मरतात. मरतात, आणि ती आपलीच असतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली, सगळी गरीब. पण तो मृत्यू मोहाच्या फुलातून आला नव्हता. तो आला कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मिथेनॉलमधून, म्हणजे औद्योगिक विषाच्या चोरट्या व्यापारातून. ती साखळी तोडायची तर कारखाने, टँकर आणि हप्ते यांच्यापर्यंत जावे लागते. पाड्यावरचा हंडा फोडणे त्यापेक्षा सोपे, आणि महिन्याचा आकडाही भरून निघतो.

दुसरीकडे मोहाचे नशीब पालटते आहे, पण कुणासाठी? २०२१ पर्यंत महाराष्ट्रात मोहफूल गोळा करण्यावर, साठवण्यावर निर्बंध होते. झाड आदिवासीच्या दारात आणि फूल सरकारच्या नियमात! इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यासाठी १८९२ साली मोहाचा खास कायदा केला, त्याचीच ही सावली. २०१८ मध्ये गोव्याच्या बाजारात 'डेसमंडजी' या कंपनीची मोहाची दारू देखण्या बाटलीत आली. गोव्याने आपल्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ साली तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज लिकर' ठरवून ती बनवण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे देण्याचे धोरण घेतले. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती ठरावीक मर्यादेत सूटही आहे. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात? २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी दिली (विरोध झाल्यावर ते मागे पडले). जून २०२५ मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' असा धान्याच्या दारूचा नवा प्रकार काढला, राज्यातल्या उत्पादकांसाठी. ज्या बाईच्या आजीला मोह गाळता येत होता, ती यात कुठेच नाही.

आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलातले पाचवे शील आम्ही रोज म्हणतो, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने आपल्या वस्त्यांतल्या किती बायांचे संसार मोडले हे आम्ही पोटगीच्या अर्जांत रोज वाचतो. तेव्हा 'वकीलसाहेब दारूची वकिली करायला लागले' असे कोणी म्हणू नये. शील स्वतः पाळायचे असते, पोलिसाकरवी दुसऱ्यावर लादायचे नसते. बाबासाहेब स्वतः निर्व्यसनी, तरीही १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून अबकारीचे उत्पन्न वाचवावे अशी मागणी होती, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. आणि आदिवासींना सुधारायला शहाण्यांची गरज होती असेही नाही. १९२२-२३ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली आणि दारूच्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला.

म्हणून निर्णय त्यांच्या हाती द्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला देण्यास सांगितले आहे, आणि महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ पासून आहेत. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांत हा अधिकार कागदावर आहे, पण धाड मात्र ग्रामसभेला न विचारता पडते. दारूबंदी अधिनियमाच्या कलम १३९ मध्ये एखाद्या वर्गाला सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. घरच्या वापरापुरती सूट द्यावी की पूर्ण बंदी करावी, हे त्या गावच्या बायांना ठरवू द्या. त्यांनी बंदी ठरवली तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. मोहाची दारू विकायला परवाने द्यायचेच असतील तर पहिला हक्क बचत गटाचा, कंपनीचा नंतर. आणि निव्वळ मोहाच्या हंड्यासाठी 'एमपीडीए'ची भाषा बंद करा.

सध्या आमच्याकडे पेठ तालुक्यातल्या एका पन्नाशीच्या बाईचे प्रकरण आहे. जप्ती: एक प्लास्टिकचा ड्रम, त्यात सडवा, एक जर्मनचे पातेले. नमुना घेऊन बाकीचे जागीच ओतून दिले. घरात लग्न होते, असे ती सांगते. तिची दोन्ही मुले दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत मजुरीला जातात, त्यातली काही द्राक्षे वाईनची. ती स्वतःही हंगामात तिथेच जाते. मागच्या दोन तारखांना पंच आले नाहीत. पुढची तारीख ऑक्टोबरात लागली आहे, ऐन छाटणीत. "साहेब, त्या दिवसाचा रोज बुडेल," एवढेच ती म्हणाली. आम्ही तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज दिला आहे.