टेप गुंडाळली की झालं?

सुट्टीत गावी गेलं की ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक जॉइंट गळताना दिसतो. "इंजिनिअर" म्हणून आपल्याला पुढे करतात आणि आपण काय करतो? टेफ्लॉन टेप गुंडाळतो अन् पाना पिळतो. नळाला चालतं ना! पण मित्रांनो, गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायची मारामार. ट्रॅक्टरमध्ये दाब दीडशे बारच्या वर.

आधी बघा, सील होतं कुठे. टेपर आटे एकमेकांत आवळून सील होतात, तिथे सीलंट लागतं. पॅरलल आटे नुसते धरून ठेवतात. तेल अडवते ओ-रिंग किंवा बॉन्डेड वॉशर. तिथे टेप फुकट, उलट तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. शिवाय अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी, दोन्हींचे इंचाला 14 आटे. एकमेकांत शिरतात, पण कोन एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. मग गळणारच!

हे कोन आपण ड्रॉइंगच्या मार्कांसाठी घोकतो. नागदेवी स्ट्रीटवर फिटिंग आणायला गेल्यावर मात्र "आटे कुठले?" या प्रश्नाला गप्प. म्हणून वर्कशॉपमध्ये यावर एक तरी प्रॅक्टिकल हवंच.

आणि गळती बोटाने कधीच चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. परळला असाल तर केईएम आहेच. पाना लावण्याआधी इंजिन बंद, दाब शून्य. घरी हे नक्की सांगा.