किश्श्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका

मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळे धर्मशास्त्र शिकवा, अशी अट घेऊन एक परका माणूस शम्माई या यहुदी गुरूकडे येतो. शम्माई हातातला बांधकामाचा गज उगारून त्याला हाकलून देतो. तोच माणूस मग हिल्लेलकडे जातो. हिल्लेल शेजाऱ्याशी वागण्याचा एकच नियम सांगतो आणि उरलेले शिकून घ्यायला त्याला धाडतो. बाबिलोनी तालमूदातला हा प्रसंग जेमतेम चार-पाच ओळींचा, पण दोन गुरूंचे दोन स्वभाव त्यात कायमचे कोरले गेले.

असा किस्सा वाचला की आजचा वाचक लगेच विचारतो, हे खरेच घडले होते का? प्रश्न गैर नाही. तो पहिला मात्र नव्हे.

ग्रीकांनी या प्रकाराला नावच दिले होते : ख्रेइया, म्हणजे उपयोगी गोष्ट. एखाद्या माणसाचे नेमके बोल किंवा कृती, थोडक्यात सांगितलेली. मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून झोळीतला पेला फेकून देणारा तत्त्वज्ञ डायोजिनीस हा या प्रकाराचा लाडका नायक. इजिप्तमध्ये सापडलेल्या शाळकरी पपायरसांवरही त्याचे किस्से आहेत. थिऑन या शिक्षकाच्या पुस्तकात मुलांनी किश्श्याचे काय करायचे ते दिले आहे : पाठ म्हणायचा, वेगवेगळ्या विभक्तींत चालवायचा, फुलवायचा, आटवायचा. तो खोडून काढणे हाही एक धडाच होता.

हे ध्यानात घेऊन शुभवर्तमाने उघडावीत. येशूने मरणातून उठवलेल्या याईराच्या मुलीची गोष्ट मार्क 23 वचनांत सांगतो, मत्तय 9 वचनांत. मार्कच्या गोष्टीत बाप येशूकडे येतो तेव्हा मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. मत्तयच्या गोष्टीत ती आधीच गेलेली आहे. ती गेल्याचे मध्येच येऊन सांगणारे मार्कचे निरोपे मत्तयने गाळले, म्हणून मृत्यूची बातमी बापालाच आणावी लागली. टीकाकार याला विसंगती म्हणतात, भाविक ती झाकायला धडपडतात. दोघेही त्या लेखनावर अन्याय करतात. ही आटवण्याची कारागिरी आहे, आणि ग्रीक शाळेत ती उघडपणे शिकवली जात होती.

मार्कचा पाचवा अध्याय आणि मत्तयाचा नववा एकदा शेजारी ठेवून वाचा. मार्कने सांगितलेले मुलीचे बारा वर्षांचे वय मत्तयकडे सापडत नाही.