जप्त झालेलं पुस्तक मुलांच्या हाती द्या

‘श्यामची आई’ कुणी लिहिलं, असं भोर-वेल्ह्यातल्या नववीतल्या मुलाला विचारा. साने गुरुजींचं नाव लगेच येईल. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हेही एखादी मुलगी सांगेल. त्यांचाच ‘पत्री’ हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता, हे मात्र मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

सांगायला हवं. त्यासाठी तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाचनकट्टा हवा. आठवी ते बारावीची दहा-बारा मुलं, महिन्याला एक पुस्तक आणि दर वेळी एकच प्रश्न : हे कुणाला नको होतं, आणि का? अमेरिकेत ब्रुकलिनच्या ग्रंथालयाने २०२२ मध्ये देशभरातल्या १३ ते २१ वयाच्या मुलांसाठी आपली ई-पुस्तकं मोफत खुली केली, ती तिथल्या पुस्तकांवरच्या अशाच बंद्यांमुळे.

आपल्याकडेही वाचण्यासारखं पुष्कळ आहे. सावरकरांच्या १८५७ वरच्या पुस्तकावर ते छापून होण्याआधीच १९०९ मध्ये बंदी आली, ती उठली १९४६ मध्ये.

खरी कसोटी जेम्स लेन यांच्या शिवरायांवरच्या पुस्तकाची. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना शिवराय घरातलेच वाटतात. त्या पुस्तकातल्या मजकुराने माणसं दुखावली, आणि ते दुखणं खरं होतं. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतलं होतं. तरीही लेन यांना मदत केल्याच्या रागातून ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पिढ्यान् पिढ्या जपलेल्या ग्रंथांची नासधूस झाली. राज्य सरकारने बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

हे पुस्तक कट्ट्यावर लगेच आणू नये. आधी तो निकाल सोप्या मराठीत मुलांसमोर ठेवावा. सरकार पुस्तक जप्त करू शकतं, त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते आणि ती तीन न्यायाधीश ऐकतात, एवढं तरी मतदार होण्याआधी त्यांना कळावं. राग आला तर काय करायचं, याचं हे शिक्षण नागरिकशास्त्राच्या धड्यातून पुरेसं मिळत नाही.

आईवडिलांना धास्ती वाटेल. त्यांनाही बोलवावं, शेजारी बसवावं, त्यांचं म्हणणं मुलांनी ऐकावं. सुरुवात १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी करता येईल. पहिलं पुस्तक अर्थातच ‘पत्री’.