तंबू, पाऊस आणि आगाऊ पैसे

आमच्या लहानपणी तंबू पाहायचा तो सर्कशीचा. हल्ली मात्र शनिवारी पवना धरणाच्या काठी तंबूत झोपून रविवारी परतायचे, ही सुशिक्षित घरांतली रीतच होऊन बसली आहे. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती पावतीखालच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीला : 'कोणत्याही कारणास्तव पैसे परत मिळणार नाहीत.'

कोणत्याही म्हणजे? वादळ, पूर, दरड, सगळेच त्यात आले!

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी असेच सहा हजार भरले होते. आदल्या दिवशी हवामान खात्याने अतिवृष्टीचा लाल इशारा दिला. वहिनी म्हणाल्या, "अहो, नको जायला." शेजारी म्हणाले, "मग सहा हजार पाण्यात जातील त्याचे काय?" वहिनींनी शांतपणे विचारले, "म्हणून आपण चौघांनी जायचे का?"

वहिनींच्या या प्रश्नातच सारे आले. पैसे परत देण्याचा नियम हा नुसता हिशेबाचा नियम नव्हे. पैसे अडकलेला माणूस, एरवी कितीही शहाणा असो, आभाळाकडे पाहायचे सोडून पावतीकडे पाहू लागतो.

अमेरिकेत यलोस्टोन उद्यानात जून २०२२ मध्ये मोठा पूर आला. सारी प्रवेशद्वारे बंद झाली आणि दहा हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तिथल्या सरकारी तंबूतळांचा नियम असा, की आपत्तीमुळे तळच बंद झाला तर सगळे पैसे परत. प्रवाशाने आपणहून बेत मोडला तर दहा डॉलर कापतात. अगदी ऐन वेळी मोडला तर पहिल्या रात्रीचे भाडे जाते. यात मला न्याय दिसतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १८७२ चा करार कायदा काढून पाहा. ठरलेली गोष्ट पुढे अशक्य किंवा बेकायदा झाली तर करार रद्द होतो, असे कलम ५६ सांगते. आणि अशा करारापायी घेतलेला लाभ परत करावा, असे कलम ६५. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाईचे हुकूम निघाले होते. असा हुकूम असताना तंबू देणार कसा? मात्र नुसता इशारा आहे, तळ उघडा आहे आणि आपणच घाबरलो, तर हे कलम फारसे कामी येत नाही. तिथे तंबूवाल्याच्या माणुसकीवरच भिस्त.

तंबूवालाही बहुधा गावचाच तरुण असतो. त्याने कोंबडी, भाजी आणून ठेवलेली असते. तेवढा खर्च त्याने कापून घेतला तर मी तरी भांडणार नाही. पण "पैसे नाहीत, पुढची तारीख घ्या," हे त्याने परस्पर ठरवू नये. पुढच्या तारखेला आमच्या चिरंजीवांची परीक्षा असते!

आणि ती छापील ओळ म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांना सल्लाही मिळतो. त्याहून सोपे म्हणजे पैसे धाडण्याआधीच विचारावे, "बंदी आली तर किती परत, आणि किती दिवसांत?" उत्तर मात्र लेखी घ्यावे.